स्लाईड ओळखताना पुन्हा पुन्हा तीच चूक: आधी यंत्र, मग काच, मग नजर

समस्या अशी. हिस्टॉलॉजीत, म्हणजे ऊतींची रचना मायक्रोस्कोपखाली ओळखण्याच्या विषयात, ॲटलासमध्ये पाहिलं की सगळं ओळखता येतं. जर्नलमधल्या आकृत्या जांभळ्या-गुलाबी पेन्सिलींनी सुरेख रंगवून झालेल्या असतात, बाजूला पॉइंट्सही लिहिलेले असतात. तरी मायक्रोस्कोपला डोळा लावला की पॅरोटिडचं (लाळग्रंथी) पॅनक्रियाज (स्वादुपिंड) होतं, थायरॉइडची मॅमरी ग्लँड होते, टेंडनला (स्नायूबंध) स्मूथ मसल म्हटलं जातं. चूक दाखवली की "हो मॅडम, कळलं" आणि पुढच्या टर्मला गाडी पुन्हा त्याच ठिकाणी अडते.

नाशिकमध्ये एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, कोणत्याही शाखेचं पहिलं वर्ष असो, हिस्टोच्या टेबलावरची तक्रार हीच. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात, म्हसरूळला असल्यामुळे परीक्षेच्या तारखांची कुजबुज आपल्याकडे जरा लवकर पोचते आणि स्पॉटिंगची (ठेवलेली स्लाईड पाहून ओळखायच्या परीक्षेची) धास्तीही. मग गंगापूर रोडच्या अभ्यासिकांमध्ये आणखी पाठांतर सुरू होतं. माझ्या मते औषध चुकतं ते इथेच. पॉइंट्स बहुतेकांना येत असतात. घोटाळा पाहण्याच्या क्रमात असतो: थेट चाळीसच्या (चाळीसपट मोठं दाखवणाऱ्या) लेन्सवर उडी, रंगावर भरवसा आणि एक खूण सापडली की उत्तर पक्कं. म्हणून खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने तपासत जा.

दहावर स्वच्छ, चाळीसवर काहीच नाही

पहिला संशय स्लाईड पालथी ठेवल्याचा घ्या. स्लाईडची काच साधारण १ मिलिमीटर जाड असते, वरची कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटर. चाळीसची लेन्स फोकसला येते तेव्हा तिच्याखाली अर्धा-पाऊण मिलिमीटरचीच जागा उरते. स्लाईड पालथी पडली की छेद, म्हणजे ऊतीचा पातळ काप, एका मिलिमीटर काचेच्या पलीकडे जातो. चार आणि दहाच्या लेन्सला ते अंतर चालतं, चाळीसला पोचताच येत नाही. मग कोर्स नॉब फिरत राहतो आणि बारीकसा ‘कट्’ आवाज येतो. तो आवाज लॅबचे मामा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असले तरी ओळखतात. लेबलवर विसंबू नका, जुन्या पेट्यांत ते उलट्या बाजूला चिकटवलेलं सापडतं. स्लाईड ट्यूबलाइटखाली तिरपी धरली की कव्हरस्लिपची कड चमकते. ती बाजू वर.

स्लाईड सुलटी आहे, तरी चाळीसवर सगळं दुधाळ दिसतंय? लेन्सला तेल लागलंय. शंभरच्या लेन्ससाठी ऑइल टाकून कोणीतरी नोजपीस (लेन्स बसवलेली फिरती चकती) मागे फिरवलेला असतो. लेन्स पेपरवर झायलीनचा थेंब घेऊन हलकेच पुसायचं, मग कोरड्या पेपरने. ॲप्रनचं टोक, ओढणी, रुमाल यांपैकी काहीही नको. कापडात अडकलेली धूळ लेन्सच्या लेपावर ओरखडे पाडते आणि ते कायमचे.

चित्रात काळा ठिपका आहे आणि तो मेलॅनिन की पॉइंटरचं टोक यावर वाद चाललाय, तर आयपीस (डोळ्याजवळची लेन्स) बोटांनी फिरवा. ठिपका फिरला तर घाण आयपीसवर. स्लाईड सरकवल्यावर सरकला तर स्लाईडवर. दोन्ही वेळा जागचा हलला नाही तर ऑब्जेक्टिव्ह (स्लाईडजवळची लेन्स) किंवा कंडेन्सर (खालून उजेड एकवटणारं भिंग) पाहा.

जुलै-ऑगस्टमध्ये एक वेगळंच दुखणं येतं. नाशिकच्या पावसात कपाटात बंद पडलेल्या मायक्रोस्कोपच्या लेन्सवर बुरशी धरते. चित्रावर जाळीदार, फांद्या फुटलेली सावली दिसते आणि पुसून जात नाही, कारण ती बऱ्याचदा लेन्सच्या आतल्या बाजूला असते. स्वतः लेन्स उघडायला जाऊ नका, लॅबमध्ये सांगा. कपाटात सिलिका जेलची पुडी असेल तर तिचा निळा रंग गुलाबी झालाय का तेवढं पाहा. गुलाबी झाली म्हणजे तिने ओल शोषून घेतलीय, आता तिचा उपयोग नाही. डिसेंबरच्या थंडीत सकाळच्या बॅचला आयपीसवर श्वासाची वाफ धरते, तो प्रश्न मिनिटभरात आपोआप सुटतो.

राहिला प्रकाश. आयरिस (उजेड कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण मिटून पाहिलं की प्रत्येक गोष्टीला काळी चकचकीत कड येते आणि मुलं त्या कडेला ‘सेल मेम्ब्रेन’ म्हणून जर्नलमध्ये काढतात. पूर्ण उघडलं की चित्र फिकट, धुतल्यासारखं. कंडेन्सर वर घ्या, आयरिस दोन-तृतीयांशाच्या आसपास ठेवा आणि लेन्स बदलली की पुन्हा जुळवा. वीज गेली आणि आरशाचा मायक्रोस्कोप काढावा लागला तर कंडेन्सर असताना सपाट आरसा वापरा, आणि उन्हाचा झोत थेट आरशावर कधीही घेऊ नका. डोळ्याला इजा होते. खिडकीतल्या मोकळ्या आभाळाचा उजेड पुरतो.

“ती जांभळी स्लाईड म्हणजे लिम्फ नोड”

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याने बऱ्याच बॅचेस बुडवल्या आहेत.

आपल्या पेटीतल्या बहुतेक स्लाईड हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवलेल्या असतात. हिमॅटॉक्सिलिन केंद्रकाला निळं-जांभळं करतं, इओसिन सायटोप्लाझम आणि कोलॅजनला गुलाबी. पण किती निळं, किती गुलाबी, हे रंगवणाऱ्याच्या हातावर, छेदाच्या जाडीवर आणि स्लाईडच्या वयावर ठरतं. उजेडात वर्षानुवर्षं पडलेल्या स्लाईडवरचा इओसिन उडतो आणि सगळं राखाडी-निळं होतं. नव्या पेटीतलं यकृत भडक गुलाबी, जुन्या पेटीतलं फिक्कट. परीक्षेत कोणत्या पेटीतली स्लाईड येईल ते आधी कळत नसतं, म्हणून एका पेटीचा रंग पाठ करणं हा निव्वळ जुगार. कोपऱ्यातला टवका किंवा लेबलवरचा डाग पाहून उत्तर सांगणारेही असतात. त्यांना मी पेटी बदलून देते.

मग रंगाचा उपयोगच नाही का? आहे, पण एकाच स्लाईडमध्ये, शेजारच्या भागाशी तुलना करताना. सिरस ॲसिनसच्या (पातळ स्राव देणाऱ्या पेशींच्या गोल पुंजक्याच्या) पेशीत तळाचा भाग निळसर असतो, कारण तिथे प्रथिनं बनवणारं रफ एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम आणि त्यातला आरएनए दाटलेला असतो. वरचा भाग गुलाबी, कारण तिथे झायमोजेन ग्रॅन्यूल्स साठलेले. म्यूकस (चिकट स्राव देणारी) पेशी फिकट, जवळजवळ रिकामी दिसते आणि तिचं केंद्रक तळाशी चपटं होऊन पडलेलं असतं. जठराच्या फंडसमध्ये परायटल पेशी गुलाबी, चीफ पेशी निळसर. चरबीची पेशी रिकामी दिसते ती स्लाईड करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून गेली म्हणून. ‘इथे काही नाही’ असं वाटलं की ‘इथे आधी काय होतं?’ हा प्रश्न विचारा. मज्जातंतूच्या आडव्या छेदात मधोमध ठिपका आणि भोवती पांढरं कडं दिसतं, त्याचंही उत्तर तेच: मायलिनमधले स्निग्ध पदार्थ गेले, जागा उरली.

चाळीसची घाई

सगळ्यात मोठा दोष हा. यावर जरा थांबते.

चाळीसच्या लेन्सला जेवढा भाग दिसतो तो चारच्या लेन्सला दिसणाऱ्या भागाचा शंभरावा हिस्सा असतो. आयपीसचा फील्ड नंबर १८ असेल तर चारवर सुमारे साडेचार मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं, चाळीसवर ०.४५ मिलिमीटरचं. पॅनक्रियाजच्या एवढ्याशा तुकड्यात आयलेट (वेगळ्या फिकट पेशींचं बेट) असेलच असं नाही. लिम्फ नोडच्या त्या तुकड्यात ना कॅप्सूल दिसेल ना फॉलिकलची (पेशींच्या गोल पुंजक्याची) कड, नुसत्या लिम्फोसाइट्स. त्या तर प्लीहेतही आहेत, थायमसमध्येही, टॉन्सिलमध्येही आणि अपेंडिक्सच्या भिंतीतही. चाळीसवर पेशी कळते, अवयव कळतो चारवर.

त्याच्याही आधी नुसता डोळा. स्लाईड उजेडासमोर धरा. सेरेबेलमच्या घड्या, ट्रेकियातली कूर्चेची अर्धवट कडी, स्पायनल कॉर्डमधला करडा एच, पोकळ नळी की भरीव गोळा, हे लेन्सशिवाय दिसतं. जरा मोठं हवं असेल तर आयपीस काढून उलटा धरा, त्याच्यातून पाहिलं की तो भिंगासारखा काम करतो. मात्र लगेच परत जागी बसवा, नाहीतर मामा आणि मी दोघंही ओरडू.

मग चारवर पहिला प्रश्न: पोकळी आहे का? असेल तर तिला अस्तर कोणतं आणि अस्तराबाहेर थर किती? पोकळी नसेल तर भोवती कॅप्सूल आहे का, आत कॉर्टेक्स-मेड्युला असा भेद आहे का, लोब्यूल्स आहेत का? ही उत्तरं मनात शब्दांत म्हणा. ‘पोकळ, भिंत जाड, अस्तर बऱ्याच थरांचं, स्नायू दोन थर’ एवढं म्हणून झालं की निम्म्या पेटीचा विचारच करावा लागत नाही. दहाची लेन्स संशय पक्का करायला आणि चाळीसची अखेरची सही घ्यायला.

चाळीसवर असताना एक मोजपट्टी आयती हाताशी असते: लाल रक्तपेशी. छेदात ती साधारण ७ मायक्रॉनची. शेजारच्या रक्तवाहिनीत एखादी सापडली की बाकीच्या पेशी तिच्याशी ताडून पाहा. लहान लिम्फोसाइटचं केंद्रक तिच्याच आसपासचं, तर डॉर्सल रूट गँगलियनमधला न्यूरॉन तिच्यापुढे अवाढव्य. ॲटलासमधल्या चित्रांत आकाराची ही जाणीव हरवते.

छेद तिरका गेलाय

भेंडी आडवी चिरली की चकती मिळते, उभी चिरली की लांब फाक, तिरकी चिरली की लांबट अंडाकृती, आणि नुसती साल घासून काढली तर भेंडी होती हेही कळणार नाही. नळ्या, ग्रंथी, व्हिलाय (आतड्यातले बोटांसारखे उंचवटे), स्नायूतंतू, सगळ्यांचं हेच होतं. ॲटलासमध्ये छापतात तो बहुधा निवडून काढलेला सुबक छेद असतो, तुमच्या वाट्याला पेटीतला येईल तो.

यातून दोन चुका हमखास होतात. पहिली, एकाच थराचं कॉलम्नर अस्तर तिरक्या छेदात बहुथरी दिसणं. केंद्रकांच्या तीन-चार ओळी दिसतात आणि ‘स्ट्रॅटिफाइड’ असं लिहून मोकळं होतात. अस्तराच्या बाजूने स्लाईड हळूहळू सरकवत जा. कुठेतरी छेद सरळ गेलेला असतो, तिथे केंद्रकं एका ओळीत येतात. तीच जागा खरी धरायची. मात्र कुठेच एक ओळ होत नसेल, केंद्रकं वरखाली असतील आणि वर सिलिया (हलणारे केसांसारखे धागे) असतील तर स्यूडोस्ट्रॅटिफाइड, म्हणजे नुसतं बहुथरी भासणारं.

दुसरी चूक आतड्यातली. व्हिलस (व्हिलायमधला एक) आडवा कापला गेला की तो पोकळीत तरंगणाऱ्या बेटासारखा दिसतो आणि मुलं त्याला ग्रंथी म्हणतात. फरक साधा आहे, फक्त आतून बाहेर कसं पाहायचं ते ठरवून घ्या. व्हिलसमध्ये संयोजी ऊती मधोमध आणि एपिथेलियम बाहेरच्या कडेला. क्रिप्टमध्ये (अस्तरातल्या खोल खाचेत) मधोमध बारीक पोकळी, तिच्याभोवती एपिथेलियम आणि संयोजी ऊती सर्वांत बाहेर. हे एकदा डोक्यात बसलं की कोलनला ‘व्हिलाय दिसतात’ म्हणणं बंद होतं. कोलनमध्ये व्हिलाय नसतातच, सरळ उतरणाऱ्या क्रिप्ट्स आणि भरपूर गॉब्लेट पेशी असतात. लहान आतड्यात सबम्यूकोसात ग्रंथी भरलेल्या असतील तर ड्युओडिनम, पेयर्स पॅचेस (लिम्फॉइड पुंजके) असतील तर आयलियम, दोन्ही नसेल आणि व्हिलाय ठसठशीत असतील तर जेजुनम.

स्नायूंचंही असंच. आडव्या छेदात पट्टे दिसत नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही, केंद्रक कुठे आहे ते पाहा. कंकाल स्नायूत ते कडेला, हृदयाच्या स्नायूत मध्ये. स्मूथ मसलच्या आडव्या छेदात लहानमोठ्या गोलांची गर्दी असते आणि थोड्याच गोलांमध्ये केंद्रक सापडतं. पेशी दोन्ही टोकांना निमुळती आणि केंद्रक मधल्या फुगीर भागात, त्यामुळे टोकाजवळ कापलेल्या पेशीत ते येणारच कुठून?

स्लाईडवरचा कचरा

हवेचा बुडबुडा: कड जाड, काळी, आत काहीच नाही आणि फोकस किंचित हलवला की कडेची रुंदी बदलते. त्याला चरबीची पेशी समजू नका. छेदाला घडी पडली असेल तर गडद पट्टा दिसतो आणि त्यात पेशींचा दुहेरी थर असतो. ब्लेडचा दाता खराब असेल तर समांतर रेघोट्या साऱ्या छेदातून आरपार जातात, अवयवाच्या रचनेची पर्वा न करता. रक्त भरलेल्या भागात काळपट-तपकिरी कण पसरलेले दिसले तर ते फॉर्मलिन पिगमेंट असू शकतं. ऊती आक्रसल्यामुळे पडलेल्या फटींना सायनस म्हणू नका. खऱ्या पोकळीला अस्तर असतं, फटीला नसतं.

जोड्या

*पॅरोटिड आणि पॅनक्रियाज.* दोन्हीकडे सिरस ॲसिनाय, दोन्हीकडे निळा-गुलाबी भेद, म्हणून चाळीसवर उडी मारणारा इथे पडतोच. चारवर फिरा आणि फिकट बेटं शोधा. ॲसिनायच्या गर्दीत मधूनच फिकट पेशींचे गोलसर पुंजके दिसले, त्यांत केशवाहिन्या असल्या तर ते आयलेट्स ऑफ लँगरहॅन्स, उत्तर पॅनक्रियाज. पॉल लँगरहॅन्सने १८६९ मध्ये सशाच्या स्वादुपिंडात हे पुंजके पाहिले तेव्हा तो बर्लिनमध्ये विद्यार्थी होता, एकवीस वर्षांचा, म्हणजे तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. ते कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ‘हे शेजारच्यांपेक्षा वेगळं दिसतंय’ एवढं त्याने नीट नोंदवलं. तुमच्याकडूनही सध्या तेवढंच हवंय.

आयलेट सापडलं नाही तर डक्टकडे वळा. पॅरोटिडमध्ये स्ट्रायेटेड डक्ट्स भरपूर: गुलाबी, उंच पेशी, तळाशी उभ्या रेघा, पोकळी स्पष्ट. पॅनक्रियाजमध्ये त्या नसतात. उलट तिथे ॲसिनसच्या अगदी मध्ये फिकट केंद्रकं दिसतात, त्या सेंट्रोॲसिनार पेशी. पॅरोटिडमध्ये ॲसिनायच्या अधेमधे चरबीच्या पेशीही दिसतात, पण हा पॉइंट एकटा वापरू नका, चरबी पॅनक्रियाजमध्येही शिरते. सबमँडिब्युलर ग्रंथीत सिरस जास्त, म्यूकस कमी आणि म्यूकस ॲसिनायवर सिरस डेमिल्यून्सच्या टोप्या. सबलिंग्वलमध्ये म्यूकसचं राज्य.

*थायरॉइड, लॅक्टेटिंग मॅमरी, प्रोस्टेट.* तिन्हीकडे गोल पोकळ्या आणि आत गुलाबी माल. मी मुलांना डक्ट शोधायला सांगते. थायरॉइड अंतःस्रावी ग्रंथी आहे, तिला डक्ट नाही. फॉलिकल्स गोलसर, अस्तर एका थराचं क्युबॉइडल, कोलॉइड एकसंध आणि कडेशी किंचित कुरतडल्यासारखा. मॅमरीमध्ये लोब्यूल्स आणि त्यांच्यामधले संयोजी ऊतीचे पट्टे चारवरच नजरेत भरतात, काही अल्व्हिओलाय दुधाने टम्म फुगलेले, काही चिंचोळे, आतल्या स्रावात चरबीच्या रिकाम्या जागा आणि मध्ये डक्ट्स. प्रोस्टेटमध्ये पोकळ्यांच्या कडा वेड्यावाकड्या, अस्तर घड्यांचं आणि मुख्य म्हणजे ग्रंथींच्या मधल्या जागेत स्मूथ मसलचे गुलाबी तंतू. पोकळीत कॉर्पोरा अमायलेशियाची (साचलेल्या स्रावाच्या खड्यांची) वर्तुळं सापडली तर दुधात साखर, पण तरुण प्रोस्टेटमध्ये ती मिळतीलच असं नाही, म्हणून त्यांच्यावर अडून बसू नका.

*युरेटर (मूत्रवाहिनी), व्हास डेफरेन्स (शुक्रवाहिनी), फॅलोपियन ट्यूब (अंडवाहिनी).* युरेटरची पोकळी चांदणीच्या आकाराची, अस्तर ट्रान्झिशनल (ताणलं जाणारं, बहुथरी), वरच्या पेशी मोठ्या आणि फुगीर. स्नायू आतून उभा, बाहेरून आडवा, म्हणजे आतड्याच्या बरोबर उलट. खालच्या तृतीयांशात त्याबाहेर आणखी एक उभा थर येतो, आणि नेमक्या तिथे मुलं त्याला व्हास म्हणतात. व्हासची भिंत पोकळीच्या मानाने प्रचंड जाड, तीन थर, अस्तर स्यूडोस्ट्रॅटिफाइड आणि त्यावर स्टीरिओसिलिया (लांब, न हलणारे केसांसारखे धागे). अस्तर पाहिल्याशिवाय थर मोजू नका. फॅलोपियन ट्यूबच्या ॲम्प्युलात म्यूकोसाच्या घड्यांना फांद्या फुटून पोकळी जवळजवळ भरून गेलेली असते, अस्तर एका थराचं, काही पेशींवर सिलिया. चांदणीची पोकळी इसोफेगसलाही असते, पण तिथे अस्तर जाड स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस, त्यात घोटाळा व्हायला नको.

*लिम्फॉइड चौकडी.* क्रमाने पाहा. एका कडेला स्ट्रॅटिफाइड स्क्वेमस अस्तर आणि त्याचे खोल क्रिप्ट्स: पॅलटाइन टॉन्सिल. अस्तर नाही, कॅप्सूल आहे, तिच्या लगेच आत सबकॅप्सुलर सायनस, मग फॉलिकल्सचा कॉर्टेक्स आणि आत मेड्युला: लिम्फ नोड. लोब्यूल्स आहेत, प्रत्येकात गडद कॉर्टेक्स आणि फिकट मेड्युला, फॉलिकल एकही नाही, मेड्युलात गुलाबी गोल हॅसल्स कॉर्पसल्स: थायमस. कॉर्टेक्स-मेड्युला हा भेदच नाही, रक्ताने भरलेल्या लाल भागात पांढऱ्या पल्पची बेटं विखुरलेली आणि प्रत्येक बेटात एका बाजूला सरकलेली आर्टेरिओल: प्लीहा. त्या आर्टेरिओलला सेंट्रल का म्हणतात हा प्रश्न व्हायवाला कोणी विचारला तर हसू नका.

*टेंडन, स्मूथ मसल, नर्व्ह.* उभ्या छेदात तिन्ही गुलाबी लांब पट्टे. टेंडनमध्ये केंद्रकं बारीक, गडद, तंतूंच्या फटीत दाबून ओळीने बसलेली आणि गुलाबी भाग चकचकीत. स्मूथ मसलमध्ये केंद्रक पेशीच्या आत, लांबट, टोकं बोथट. नर्व्ह नागमोडी जाते आणि तिच्या गठ्ठ्याला पेरिन्यूरियमचं पक्कं आवरण असतं.

बाकीच्यांना फार जागा देत नाही. जाड त्वचेत केसांची मुळं नसतात, एवढं पाहा. धमनीत अंतर्गत इलॅस्टिक लॅमिनाची नागमोडी रेघ. किडनीत ग्लोमेरुलस दिसला की संपलं, भांडण फक्त ट्यूब्यूल्सचं: प्रॉक्सिमल जास्त गुलाबी आणि पोकळी ब्रश बॉर्डरने धूसर, डिस्टलची पोकळी स्वच्छ.

यकृत सापडतं, षट्कोन सापडत नाही

पुस्तकातले सहा बाजूंचे, रेखीव सीमा असलेले हेपॅटिक लोब्यूल्स अनेक जण स्लाईडवर शोधत बसतात. डुकराच्या यकृतात लोब्यूल्सभोवती संयोजी ऊतीची स्पष्ट भिंत असते, म्हणून शिकवायला ते सोयीचं पडतं आणि बऱ्याच पेट्यांत तेच असतं. माणसाच्या निरोगी यकृतात ती भिंत जवळजवळ दिसत नाही. तिथे सेंट्रल व्हेन शोधा, तिच्यापासून बाहेर पसरणाऱ्या हेपॅटोसाइट्सच्या ओळी पाहा, मग आजूबाजूला पोर्टल ट्रायड (धमनी, शीर आणि पित्तनलिका यांचं त्रिकूट). तीन-चार ट्रायड सापडले की त्यांना मनातल्या मनात जोडा, षट्कोन तुम्हीच काढायचाय. या शिक्षणात माणसाचं आणि प्राण्याचं एकाच पेटीत गुपचूप मिसळलेलं असतं हे पहिल्याच तासाला सांगायला हवं असं मला वाटतं, पण सांगितलं जात नाही.

सराव कसा करायचा

दोघांनी मिळून. लेबलवर कागदाची पट्टी लावा, एकाने स्लाईड ठेवायची, दुसऱ्याने चार, दहा, चाळीस या क्रमाने पाहून मोठ्याने वर्णन करायचं, नाव शेवटी. नाव सांगितल्यावर पहिल्याने विचारायचं: “दुसरं काय असू शकलं असतं, आणि ते का नाही?” याचं उत्तर आलं नाही तर नाव बरोबर असलं तरी ते चूक धरा. जर्नलची आकृती आयपीसमधून पाहून काढा, ॲटलासवरून नको. वाकडी आली तर येऊ द्या. मोबाइल आयपीसला लावून फोटो काढत असाल तर चारचा आणि चाळीसचा असे दोन्ही काढा, नुसता चाळीसचा घरी जाऊन काही कामाचा नाही.

स्पॉटिंगला स्लाईड हलवायची नसते आणि पॉइंटर एका जागी रोखलेला असतो. तिथे आधी पॉइंटर काय दाखवतोय ते वाचा. अवयव विचारलाय की पेशी, हे न पाहता थायरॉइड लिहून बाहेर आलेली मुलं नंतर जिन्यात भेटतात. त्यांना हवी होती ती फॉलिक्युलर पेशी.

एका काचेवर दोन अवयव

सगळं वरच्याप्रमाणे तपासलं, तरी काही केल्या जुळत नाही, असं कधी कधी होतं. अशा वेळी तुमचं निदान आणि तुमची शंका, दोन्ही बरोबर असू शकतात. थायरॉइडच्या कडेला कॅप्सूलपलीकडे लहान, गच्च भरलेल्या निळसर पेशींचा तुकडा दिसला तर तो पॅराथायरॉइड. टेस्टिसच्या स्लाईडवर एका बाजूला गुळगुळीत कडेच्या, स्टीरिओसिलिया असलेल्या नळ्या दिसल्या तर एपिडिडिमिस. पॅरोटिडच्या आत लिम्फ नोड सापडला तर स्लाईड बिघडलेली नाही, तिथे तो असतोच. युरेटरच्या शेजारी धमनी, शीर, चरबी येणारच. मुख्य अवयव कोणता ते चारवर क्षेत्रफळ पाहून ठरवा. पाहुण्याचं नाव वेगळं लिहा आणि पाहुण्याच्या खुणा यजमानाच्या खात्यात टाकू नका. तरीही अडलं तर स्लाईड तशीच ठेवून कोणाला तरी बोलवा. हलवून, मग “मघाशी दिसत होतं” म्हणून शोधत बसलात तर ती जागा पुन्हा सापडत नाही.